छातीवर काळी पाटी: मॉर्मन मिशनऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

परदेशात शिकणाऱ्या मुलांवरच्या गेल्या अंकातल्या लेखात मॉर्मन मिशनऱ्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावरून मुंबई-ठाण्याच्या वाचकांनी बरंच काही विचारलं आहे. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं. 'मॉर्मन' हे लोकांनी पाडलेलं नाव. पंथाचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. स्थापना १८३० सालची, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. पूर्ण नावच वापरावं असा चर्चचा २०१८ पासून आग्रह आहे. वाचकांच्या पत्रांत 'मॉर्मन' आहे म्हणून इथे तेच ठेवलं आहे.

मुलगा-सून युटातल्या लेहायला असतात. शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा कॉलेज अर्धवट ठेवून दोन वर्षांसाठी ब्राझीलला गेला. पगार नाही, आणि घरी फोन आठवड्यातून एकदाच. तो तिथे आठवडाभर करतो तरी काय? एवढ्या लहान वयात एकट्याला पाठवतात कसं? — एक आजी, विलेपार्ले

आजी, एकट्याला मुळीच पाठवत नाहीत. उलट त्या मुलाला दोन वर्षांत एकांत असा मिळणारच नाही. मिशनरी कायम जोडीने असतात, मुलांची जोडी वेगळी आणि मुलींची वेगळी. जोडीदाराच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, एकाच खोलीत पण वेगवेगळ्या पलंगांवर झोपायचं, असा नियम आहे. सूट फक्त न्हाणीघरापुरती आणि वरिष्ठांनी घेतलेल्या मुलाखतीपुरती. जोडीदार तापाने फणफणला तर दुसऱ्यानेही घरीच थांबायचं. जोडीदार आपल्या पसंतीचा मिळत नाही. त्या भागाच्या मिशनचे अध्यक्ष तो ठरवतात. हे अध्यक्ष बहुधा मध्यमवयीन गृहस्थ असतात आणि पत्नीसह तीन वर्षांसाठी तिथे येऊन राहतात. या पोरांचे पालक म्हणाल तर तेच दोघं. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो आणि त्यात आपलं नाव असेल तर दोन-तीन दिवसांत बॅगा भरून नव्या गावी, नव्या जोडीदाराकडे जायचं.

जायचं कुठे, हेही मुलाच्या हातात नसतं. अर्ज केला की सॉल्ट लेक सिटीहून बोलावणं येतं आणि देशाचं नाव तेव्हाच कळतं. मुलांची मुदत २४ महिन्यांची, मुलींची १८. किमान वय २०१२ साली कमी केलं: मुलांसाठी १९ वरून १८, मुलींसाठी २१ वरून १९ (मुलींचंही २०२५ पासून १८). त्यामुळे बारावी झाली की थेट मिशन, असं पुष्कळ घरांत होऊ लागलं. मिशनवर मुलगा 'एल्डर' आणि मुलगी 'सिस्टर', पुढे फक्त आडनाव. छातीवरच्या काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत हेच लिहिलेलं असतं. पहिल्या नावाने हाक मारणारं तिथे कोणी नसतं.

दिवस घड्याळाला बांधलेला असतो. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ-नाश्ता. त्यानंतर धर्मग्रंथांचा अभ्यास, आधी एकट्याने आणि मग जोडीने. परकी भाषा असेल तर तिचाही अभ्यास. दहाच्या सुमारास घराबाहेर पडायचं, रात्री नऊ ते साडेनऊच्या दरम्यान परत, साडेदहाला दिवे बंद. देशातल्या चालीरीती पाहून अध्यक्ष यात थोडं पुढे-मागे करू शकतात. २०१७ पासून तेवढी मोकळीक आहे. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही, पोहायला जाणं नाही. फोन मिळतो, पण कामापुरता.

आठवड्याची खरी सुरुवात सोमवारी होते. सोमवार म्हणजे तयारीचा दिवस, त्यांच्या भाषेत 'पी-डे'. कपडे धुणं, इस्त्री, किराणा, केस कापणं, खोली झाडणं आणि घरी फोन, सगळं त्याच दिवशी. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरच्यांशी फोनवर बोलायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी पत्रं किंवा ईमेल. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. शेजारीण सोमवारी फोनजवळून हलत नसेल तर सुनेला सांगा, त्या वेळी तिच्याकडे जाऊ नकोस. तयारीचा दिवस संध्याकाळी सहाला संपतो. सहानंतर पुन्हा टाय लावून बाहेर.

पुढे बहुतेक ठिकाणी मंगळवारी जवळपासच्या दोन-तीन जोड्यांची बैठक होते. तिथे उपदेशाचा सराव करतात: एक जोडी शिकवते, दुसरी ऐकणाऱ्याच्या भूमिकेत अवघड प्रश्न विचारते. बाकीचे दिवस गाठीभेटींचे. कोणी चौकशी केलेली असते, कोणी चर्चमध्ये येणं सोडलेलं असतं, कोणाचं घर बदलायचं असतं म्हणून सामान उचलायला जायचं असतं. ब्राझीलमध्ये दुपारचं जेवण मोठं. चर्चमधली कुटुंबं पाळीपाळीने या मुलांना जेवायला बोलावतात. त्यामुळे तुमच्या शेजाऱ्यांच्या मुलाच्या पोटाची फार काळजी नको.

काम फसतं ते रस्त्यावर. चार जणांना वेळ दिलेली असते आणि त्यातले तिघं घरी सापडत नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा, बऱ्याच ठिकाणी गुरुवारी किंवा शुक्रवारी, दोघं दोन-तीन तास बसून पुढच्या आठवड्याची आखणी करतात. गेल्या आठवड्यात काय झालं, शिकणाऱ्या प्रत्येक माणसाला आता कशाची गरज आहे, त्याच्या घरी जाताना चर्चमधलं कोणाला बरोबर न्यायचं, हे एकेक नाव घेऊन ठरवतात. प्रत्येक भेटीमागे दुसरा बेत लिहून ठेवतात. हा दुसरा बेत नसला की भर दुपारी दोन मुलं उन्हात निरुद्देश फिरत राहतात आणि मन खचतं ते अशाच वेळी. आखणी संपली की शेवटी जोडीदारांनी एकमेकांशी स्पष्ट बोलायचं: तुझं काय चांगलं चाललंय, माझं काय खटकतंय. ज्या जोड्या हे टाळतात त्यांच्यात ताटं कोणी घासायची यावरूनही अबोला धरला जातो. अठरा-एकोणीसचं वय, चोवीस तासांचा सहवास आणि खोलीबाहेर एकट्याने जायची सोय नाही. आमच्या मते मिशनमधली सर्वांत अवघड गोष्ट हीच. दारं तोंडावर बंद होणं त्यापुढे काहीच नाही.

कोणाचा बाप्तिस्मा व्हायचा असेल तर तो बहुधा शनिवारी किंवा रविवारी. चर्चमधला हौद भरायला दोन-तीन तास सहज लागतात आणि पाणी भरायला लागल्यापासून ते सोडून देईपर्यंत कोणीतरी जबाबदार मोठं माणूस तिथे हवं. उशिरा नळ सोडला की लोक येऊन बसतात आणि पाणी गुडघ्यापर्यंतच असतं. बाप्तिस्मा देणारा आणि घेणारा दोघंही पांढऱ्या कपड्यांत पाण्यात उतरतात, देणारा ठरलेले शब्द उच्चारतो आणि घेणाऱ्याला पूर्ण बुडवतो. दोन साक्षीदार बारकाईने बघत असतात. पायाचं बोट किंवा केसांची बट जरी वर राहिली, तरी सगळं पुन्हा. लहान-मोठ्या उंचीच्या माणसांची गाठ पडली की हे हमखास होतं. म्हणून आधी कोरड्या जमिनीवर गुडघे कसे वाकवायचे याचा सराव करून घेतात.

रविवारी दोन तास चर्च. एक तास प्रार्थनासभा, तीत पाव आणि पाणी वाटतात (द्राक्षाचा रस किंवा वाइन नाही). उरलेल्या वेळात वर्ग. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडून उपास करतात आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. रविवारी संध्याकाळी आठवड्याचे आकडे वरिष्ठांना कळवायचे: किती नवे लोक शिकू लागले, किती जण चर्चला आले, कोणाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली. आकडा शून्य असला तरी शून्य कळवायचा.

पैशांचं म्हणाल तर पगार नाहीच, उलट घरून पैसे भरावे लागतात. अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी जुलै २०२० पासून ही रक्कम महिना ५०० डॉलर आहे. मूल स्वस्त देशात जावो की महाग देशात, आकडा तोच. त्यातून त्याला जेवणखाण आणि प्रवासापुरता महिन्याचा खर्च मिळतो. घरभाडं मिशन भरतं.

मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला सहा महिने होतो. दारावर दोन तरुण आले. मी आणि हे घरी होतो, आत बोलावलं, पाणी दिलं, त्यांचं ऐकून घेतलं. जाताना 'पुन्हा कधीतरी या' म्हटलं. तेव्हापासून दर आठवड्याला येत होते, नंतर तर वेगळेच दोघे आले! मुलगा चिडला. आमचं काय चुकलं? — सौ. अ. ज., डोंबिवली

पाणी दिलंत ते योग्यच. अडचण झाली ती निरोपाच्या बोलण्यामुळे. आपल्याकडे दारातला पाहुणा निघताना आपण 'पुन्हा या' म्हणतोच, आणि ऐकणाराही ते धरून बसत नाही. ही मुलं धरतात. वर सांगितलेल्या साप्ताहिक आखणीत तुमच्या घराची नोंद 'पुन्हा यायला सांगितलं' अशी झाली. ही नोंद त्यांच्या फोनमधल्या अॅपमध्ये राहते. जोडीची बदली झाली तरी नोंद त्याच भागात राहते आणि नव्या जोडीला मिळते. म्हणून वेगळे दोघं आले.

पुढच्या खेपेला दारातच, हसून, पण पुरतं सांगा: 'आम्हाला यात रस नाही, आमच्या पत्त्यावर पुन्हा येऊ नका अशी नोंद करा.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नुसतं 'आज नको' म्हटलं तर उद्या येतील. नाही ऐकून घ्यायचं शिक्षण त्यांना मिळालेलं असतं, दिवसातून अनेकदा ते ऐकतातही. त्यांना वाईट वाटेल म्हणून चार आठवडे झुलवत ठेवणं त्यांच्यावरच अन्यायाचं आहे. तेवढे तास ते दुसरीकडे देऊ शकले असते.

मनापासून ऐकायचं असेल तर जरूर बोलवा, पण काय होणार ते माहीत असू द्या. शिकवणीचे ठरलेले चार पाठ आहेत. प्रत्येक पाठाच्या शेवटी काहीतरी कबूल करायला सांगतात: 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथाची इतकी पानं वाचा, प्रार्थना करून पाहा, रविवारी चर्चला या. पुढे तंबाखू-दारू-चहा-कॉफी सोडणं, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणं आणि बाप्तिस्म्याची तारीख, हे विषय येतात. कुतूहल असेल आणि धर्म बदलायचा नसेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा आणि वेळही ठरवून द्या, अर्धा तास पुरे. पुस्तक फुकट देतात. वाचणार नसाल तर घेऊ नका. घरात अल्पवयीन मूल असेल तर आई-वडिलांच्या परवानगीशिवाय त्याचा बाप्तिस्मा होत नाही, हेही मुलाला सांगून ठेवा. घरात बाई एकटी असेल तर ही मुलं आत येणारच नाहीत, त्यांचाच तसा नियम आहे. दारातूनच बोलतील. त्याचा राग मानू नये.

मुलीला नोकरीसाठी जपानला जायचं आहे. तिथे दोन अमेरिकन मिशनरी मुलांना अस्खलित जपानी बोलताना तिच्या मैत्रिणीने पाहिलं. ही मुलं थोड्या दिवसांत भाषा शिकतात कशी? — र. म., गिरगाव

युटातल्या प्रोव्हो इथे त्यांचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. पन्नासहून अधिक भाषा तिथे शिकवतात. भाषा शिकायची नसलेल्यांना साधारण तीन आठवडे, स्पॅनिशसारख्या भाषेला सहा, जपानी किंवा चिनीला नऊ. हल्ली यातला सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होतो. नऊ आठवड्यांत अस्खलित जपानी येत नाही, हे आधी लक्षात घ्या. मैत्रिणीने पाहिलेली मुलं वर्षभर तरी तिथे राहिलेली असणार.

त्यांच्या पद्धतीतलं उचलण्यासारखं मात्र बरंच आहे. पहिली गोष्ट, व्याकरण पुरं होण्याची वाट बघत नाहीत. पहिल्याच आठवड्यात मोडक्या वाक्यांत शिकवणीचा सराव सुरू होतो. समोर बसणारा शिक्षक बहुधा त्याच देशात मिशन करून आलेला तरुण असतो. दुसरी गोष्ट, ठराविक कामाची वाक्यं आधी पक्की करतात: ओळख करून देणं, प्रार्थना, वेळ मागणं, आभार. तिसरी, प्रत्यक्ष देशात गेल्यावरही रोज भाषेचा अभ्यास ठरलेल्या वेळी होतो आणि काल रस्त्यात अडलेले शब्द त्यात येतात. जोडीदार जपानी असेल तर मग काय, सोन्याहून पिवळं.

यातली उणीवही तिला सांगा. ही मुलं देव, पश्चात्ताप, कुटुंब यावर तासभर बोलतील, पण बँकेतला फॉर्म किंवा डॉक्टरकडचं बोलणं आलं की अडखळतात. जे रोज बोललं तेच पक्कं झालं. तेव्हा तिने ऑफिसातली, घरमालकाशी बोलायची आणि दवाखान्यातली वाक्यं आधी घोटावीत.

ओळखीच्या मॉर्मन कुटुंबामुळे दोन तरुण मिशनरी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. चहा घेत नाहीत असं ऐकलं. मग आल्याआल्या द्यायचं काय? जेवणात काय चालत नाही? — एक गृहिणी, ठाणे

चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही. ग्रीन टी आणि आइस टीसुद्धा नाही. कॉफी घातलेला केक किंवा आइस्क्रीमही नकोच. पण चहापत्ती न घालता नुसता गवती चहा, आलं, तुळस उकळून दिलंत तर चालतं, कारण बंदी चहाच्या पानांवर आहे. कोकम सरबत, पन्हं, लिंबू सरबत, पीयूष, मसाला दूध, सगळं बिनदिक्कत द्या. आल्याआल्या कोकम सरबताचा पेला हातात दिला की चहाचा विषयच निघत नाही. सरबताला पाणी उकळून गार केलेलं आणि बर्फ त्याच पाण्याचा.

मांसाहाराला हरकत नसते, शाकाहारी जेवणालाही नसते. वरण-भात-तूप, पोळ्या, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, एखादं गोड, हा बेत छान. मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा. कच्च्या कोशिंबिरीऐवजी पहिल्या वेळी भरीत किंवा दही बरं.

आणि आग्रह आवरा! पानात पडेल ते आनंदाने खायचं, यजमानाचं मन मोडायचं नाही, असं त्यांना शिकवलेलं असतं. तुम्ही चौथी पुरणपोळी वाढलीत तर ते ती संपवतील. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं की एकट्याचं नाही, दोघांचाही दिवस खोलीत जातो.

जेवणाची भेट तासाभरात उरकावी असा त्यांना नियम आहे. म्हणजे साताला बोलावलंत तर सव्वासातला पानं घ्या. आपल्याकडे साडेआठपर्यंत गप्पा आणि मग जेवण होतं, त्याने त्यांची पंचाईत होते. जेवणाआधी ते छोटी प्रार्थना करतात. वाढून झालं की क्षणभर थांबा. महिन्याचा पहिला रविवार टाळा, त्या दिवशी उपास असतो. आणि घरात त्या वेळी तुम्ही एकट्याच नसाल याची खात्री करा. पती किंवा मोठा मुलगा घरी हवा, नाहीतर ते उंबऱ्यातूनच परत जातील.

१८५० च्या दशकात मॉर्मन मिशनरी मुंबईत आले होते असं वाचलं. खरं आहे का? — वि. प., दादर

खरं आहे. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही राहिला. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची, आणि पुण्याचा घाट रेल्वेने चढायला आणखी दहा वर्षं होती. म्हणजे तो प्रवास बोरघाटातल्या रस्त्याने. त्याला ऐकणारे बहुतेक ब्रिटिश फौजेशी संबंधित लोक. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत उपदेशाला अडथळा केला आणि काही वर्षांतच ते काम थांबलं. सध्याच्या घडणीतलं काम बरंच अलीकडचं: बंगळुरूचं मिशन १९९३ चं, नवी दिल्लीचं २००७ चं.

आमच्या सोसायटीतला एक फ्लॅट अशा दोन मिशनऱ्यांना भाड्याने द्यायचा सभासदाचा विचार आहे. सोसायटीने काय पाहावं? — सचिव, बोरिवली

धर्म पाहू नका, कागद पाहा. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा आणि तो संस्थेच्या नावे असेल तर प्रत्यक्ष राहणाऱ्यांची नावं जोडपत्रात हवीत. भाडेकरूंची माहिती पोलिस ठाण्याला द्यायची. राहणारा परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांत घरमालकाने परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायचं, ज्याला आपण आजवर सी-फॉर्म म्हणत आलो. व्हिसाचा प्रकार पाहून घ्या. पर्यटक व्हिसावर भारतात धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. राहणारे भारतीय असतील तर हा प्रश्नच नाही.

इतर भाडेकरूंपेक्षा एक गोष्ट वेगळी: अकरा महिन्यांच्या करारात राहणारे चेहरे चार-पाचदा बदलतील, कारण सहा आठवड्यांच्या बदल्या. गोंधळ होतो तो इथेच. करारात जुनी नावं, पोलिसांकडे जुने फोटो आणि गेटवर तिसराच माणूस. करारातच अट घाला की माणूस बदलला की नव्याचं ओळखपत्र, फोटो आणि पोलिसांची माहिती सोसायटीत आधी जमा होईल, आणि बोलायला मिशनच्या कार्यालयातला एकच ठरलेला माणूस असेल. बाकी ही मंडळी रात्री साडेदहाला दिवे मालवतात, पार्ट्या करत नाहीत आणि मुली असतील तर मुलगे घरात येत नाहीत.

मुलीची मैत्रीण या चर्चची आहे. तिला १८ महिन्यांसाठी फिलिपाइन्सचं बोलावणं आलं आहे. वय २०, बी. कॉम.चं दुसरं वर्ष चालू. तिची आई गोंधळली आहे आणि मलाच विचारते. काय सांगू? — स. क., कांदिवली

पहिलं कॉलेजचं सांगा. निघायची तारीख मागेपुढे करून घेता येते. दुसरं वर्ष पुरं करून, केटी राहू न देता जाणं सर्वांत सोपं. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या खात्यात क्रेडिट चढलेत का ते तपासा. परतल्यावर प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, तेव्हा बोलावण्याच्या पत्राची आणि परतीच्या दाखल्याची प्रत जपून ठेवा.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने हवी, म्हणजे आजपासून दोन वर्षांहून अधिक. पोलिस क्लिअरन्सचा दाखला मागितला तर पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी अर्जाच्या वेळी झालेली असणार, पण अक्कलदाढेचं काही शिल्लक असेल तर इथेच उरका. डोळ्यांचा नंबर असेल तर चष्म्याचे दोन जोड. नेहमीची गोळी चालू असेल तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या; ब्रँडचं नाव तिकडे ओळखणार नाहीत.

पाऊस आपल्यासारखाच, वर वादळं. चामड्याचा एकच जोड नेला तर महिन्यात कुजतो. पायाला सवय झालेले दोन जोड न्या आणि आलटूनपालटून वापरा. कोरे बूट घालून दिवसभर चाललं की पहिल्या आठवड्यातच टाचा सोलवटतात. मुलींना डिसेंबर २०१८ पासून स्कर्टबरोबर पँटचीही मुभा आहे. डासांच्या भागात पायघोळ पँट बरी. डेंग्यू तिथेही आहे. वादळाच्या दिवसांत खोलीत तीन दिवसांचं पाणी आणि न शिजवता खाता येईल असं काहीतरी असू द्यावं. भात रोजचा, त्यामुळे जेवणाचं जमेल. पण ती शाकाहारी असेल तर भाज्यांतही मासळीचं पाणी किंवा कोळंबीची पेस्ट घालतात, हे आधीच माहीत हवं. शाकाहाराबद्दल मिशनच्या अध्यक्षांना निघण्यापूर्वीच कळवावं, पहिल्या घरी जेवायला बसल्यावर नव्हे.

फोन सोमवारी येईल. फिलिपाइन्सचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तिचे सकाळचे दहा ते इथले साडेसात. आईची लोकल साडेसातची असेल तर पहिल्याच आठवड्यात वेळ बदलून मागावी. तिकडे साडेअकरा म्हणजे इथे नऊ. संध्याकाळी सहानंतर, म्हणजे आपल्या साडेतीननंतर, ती फोन घेऊ शकणार नाही.

पहिले सहा-आठ आठवडे ती रडेल. जोडीदारीण पटत नाही, जेवण गोड लागत नाही, भाषा कळत नाही. आईने लगेच 'परत ये' म्हणू नये आणि 'लोक काय म्हणतील' हेही म्हणू नये. आधी विचारावं: झोप लागते का, जेवतेस का, जोडीदारिणीशी बोललीस का, अध्यक्षांच्या पत्नीला सांगितलंस का. मिशनमध्ये तब्येतीच्या तक्रारी अनेक ठिकाणी त्याच पाहतात. झोप आणि जेवण दोन्ही दोन-तीन आठवडे उडालेलं असेल तर आईने स्वतः अध्यक्षांना फोन करावा. मुली फोनवर हसून सगळं झाकतात. तब्येतीसाठी मुदतीआधी परत येता येतं. तसं ती आली तर विमानतळावर कारण विचारायला नातेवाईक जमवू नयेत. घरातलं लग्नकार्य असेल तर तिला येता येणार नाही, तेव्हा भावाच्या लग्नाची तारीख आताच विचारून घ्यायला सांगा.